कोणत्या भाषेत वाचून दाखविले?



 

अनुवादकांच्या या परिषदेत अध्यक्षानं वर्षाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे, म्हणून घेते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि अनुवादाबद्दल पुष्कळ बोललं जाऊ लागलं. सर्वोच्च न्यायालयाचे काही निकाल आता मराठीत वाचायला मिळतात. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, त्यातून आपल्यापैकी अनेकांपुढे परिभाषेचं काम आलं. कथा-कादंबऱ्यांच्या अनुवादांविषयी सकाळच्या सत्रात जाणकार बोललेच आहेत. आढावा इथंच थांबवते. कारण बत्तीस वर्षं एक वाक्य माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलं आहे. ते आज बोलले नाही, तर पुन्हा असा माईक हाती येणार नाही.

वाक्य तुम्हाला पाठ असेल. ‘माझा वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे.’ खाली सही, नाहीतर अंगठा. पुण्यात रोज किती कागदांवर हे वाक्य उमटतं! आणि ज्याच्या तोंडी ते घातलेलं असतं, त्या माणसाला अनेकदा त्यातला ‘वरील’ हा शब्दही कळत नाही.

माझं बालपण राउरकेल्यात गेलं. वडील पोलाद कारखान्यात होते, ओडिया मला शेजारच्या घरांतून आली. पुण्यात वकिली सुरू केली तेव्हा या भाषेचा इथं काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मग एके दिवशी केंद्रापाडा जिल्ह्यातला एक प्लंबर माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. देशभरातल्या इमारतींत नळ जोडणारे कारागीर त्या जिल्ह्यातून बाहेर पडतात. बाणेरकडच्या एका साइटवर तो काम करत होता. दर आठवड्याला खर्ची मिळायची, पण चार महिन्यांचा हिशेब राहिला होता. त्यानं एका कार्यालयात जाऊन तक्रार दिली. ठेकेदार दर वेळी काय म्हणतो ते सांगताना तो म्हणाला, ‘कालि पइसा मिळिब.’ म्हणजे उद्या पैसे मिळतील. ओडियात ‘कालि’ उद्यालाही म्हणतात आणि कालच्या दिवसालाही. जबाबात लिहिलं गेलं : ‘काल पैसे मिळाले.’ आणि त्याच्याखाली आपलं ते वाक्य. त्याखाली अंगठा.

लिहिणारा लबाड नव्हता. त्याच्या कानाला सगळे शब्द ओळखीचे लागले, अगदी ‘ळ’सुद्धा, आणि तिथंच घात झाला. समोरच्या वकिलानं तो कागद उंच धरला आणि विचारलं, पैसे मिळाल्याचं तुम्हीच सांगितलंय ना? दोन वर्षांनी निम्म्याहून कमी रकमेवर तडजोड झाली. मी त्याला कागदाच्या शेवटी काय लिहिलं आहे ते ओडियात सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला. म्हणाला, ‘दीदी, मला वाटलं हजेरी लावतायत.’

‘सगळ्यांना हिंदी समजतं हो’, असं म्हणणारे सहकारी आजही सभागृहात आहेत. त्यांच्यासाठी दुसरा प्रसंग. आरोपी बिहारचा, दोष सिद्ध झालेला. अशा वेळी शिक्षेबाबत त्याचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं. त्याला विचारलं गेलं, ‘शिक्षेबाबत काही सांगायचं आहे का?’ तो हात जोडून म्हणाला, ‘पाँचवीं तक, साहब.’ हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. कोर्टात हशा पिकला. घरी म्हातारी आई आहे, तीन लेकरं आहेत, हे सांगायची त्याची ती एकच वेळ होती आणि ती हशात गेली. मी त्या प्रकरणात वकीलही नव्हते. तरी मागच्या बाकावरून उठून का बोलले नाही, याचा सल अजून आहे.

दुसरा मुद्दा कालच्या चर्चेत फार तावातावानं मांडला गेला : पुण्यात आलात तर मराठी शिका. शिकावीच. मी स्वतः वारज्याच्या मजूर अड्ड्याजवळ रविवारी मराठी शिकवते आणि बायका फार लवकर शिकतात. पण बुडालेली मजुरी मागायला माणूस आज उभा असतो. तुमचं बाराखडीचं पुस्तक संपेपर्यंत तो थांबायचा कसा? आणि बीडची आपली माणसं विसरू नका. दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर जातात. तिकडच्या एका ठाण्यात आपल्या एका बाईनं कन्नड कागदावर अंगठा दिलेला मी पाहिला आहे. नवऱ्याच्या अपघाताचा कागद होता. तिथं कुणी तिला ‘आधी कन्नड शिक’ म्हटलं असतं, तर आपण काय बोललो असतो?

कायद्यावाचून काही अडलेलं नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात, मजुराचं पासबुक हिंदी-इंग्रजीबरोबर त्याच्या स्वतःच्या भाषेतही असावं, असं लिहिलं होतं. मी बत्तीस वर्षांत असं एकही पासबुक पाहिलं नाही. आता तो कायदाच २०२० च्या कामगार संहितेत विरून गेला. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याला समजेल अशा भाषेत सांगावी, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७९ मध्ये होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३१४ मध्ये आहे. त्याहून मोठा आधार आपल्याच राज्यातला आहे : १९६२ चा हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल. नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी एकाला स्थानबद्ध केलं, कारणं इंग्रजीत दिली. त्याला इंग्रजी येत नव्हतं, त्यानं हिंदी प्रत मागितली, ती नाकारली. पोलिसांनी तोंडी समजावलं होतं, असं सरकार म्हणालं. सर्वोच्च न्यायालयानं ते पुरेसं मानलं नाही आणि त्याला सोडून दिलं. तोंडी समजावलं म्हणजे कळलं, ही समजूत तेव्हाच मोडीत निघायला हवी होती.

प्रश्न कोर्टापुरताही नाही. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यातल्या कोंढव्यात भिंत कोसळून पत्र्याच्या खोल्यांतली पंधरा माणसं गेली, त्यांतली बहुतेक बिहारच्या कटिहारकडची. त्यानंतर चार दिवस सगळं पुणे मजुरांबद्दल बोलत होतं. अशा घरच्या माणसांपुढे किती कागद येतात, वारसाचे, भरपाईचे, आणि ते त्यांच्या भाषेत कोण वाचून देतं, यावर मात्र मी कुठं चर्चा ऐकली नाही.

माझी मागणी एका ओळीची आहे. जिथं ‘वाचून दाखविला’ असं लिहाल, तिथं पुढं लिहा : कोणत्या भाषेत, आणि कुणी. दुभाष्याचं नाव आणि सही. नाव लिहावं लागलं की माणूस जपून बोलतो, हे मी स्वतःवरून सांगते. त्या दिवशी प्लंबरच्या कागदावर अशी ओळ असती, तर ती भरायला कुणीतरी ओडिया जाणणारा शोधावाच लागला असता.

ही मागणी कुणाकडे न्यायची, ते ठरवायला एक छोटी समिती करू. शिवाजीनगर कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाला दुभाष्यांची यादी देता येईल, मानधनाचं पुढं पाहू. विधी सेवेच्या १५१०० या मदत क्रमांकाची पत्रकं मजूर अड्ड्यांवर निरनिराळ्या भाषांत लावायची आहेत. छपाईचं अजून ठरलेलं नाही.

शब्दांची वही मात्र मी आणली आहे. हजेरी, खर्ची, हिशेब, जामीन, अंगठा, उद्या : एकेका शब्दापुढे मराठी, हिंदी, ओडिया, बंगाली असे रकाने आहेत. तेलुगू आणि संथाळीचे रकाने कोरे आहेत. वही इथं टेबलावर ठेवते. ज्यांना येतं त्यांनी जेवणाच्या सुटीत येऊन भरावेत, आणि खाली नाव लिहावं.