सापळ्यात नर, कारल्यात मादी

मी वाडीवर गेलो की एक तक्रार हमखास कानावर येते : "सर, सापळा माश्यांनी भरला, पण कारलं सडायचं काही थांबेना." तक्रार खरी आहे. सापळ्यात पडलेल्या जवळजवळ सगळ्या फळमाश्या नर असतात. मादी मांडवातच राहते, कोवळ्या कारल्याची साल टोचून आत अंडी घालते. अळ्या गर खातात, फळ वाकडं होतं, पिवळं पडून गळतं.

नरच का सापडतात? ही गोष्ट १९१२च्या सुमारासची. बिहारमध्ये पुसा इथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेत हाउलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या शेजाऱ्याने डास येऊ नयेत म्हणून सिट्रोनेलाचं तेल वापरलं, तर डास राहिले बाजूला आणि फळमाश्यांची झुंबड उडाली. सगळे नर! त्या तेलातल्या मिथाईल युजेनॉलचा हा प्रताप, हे पुढे त्यांनीच शोधलं. तुळशीच्या पानांतही ते असतं. आंब्यावरच्या फळमाशीचा नर ते चाटतो, अंगात त्याचा वेगळा गंध तयार करतो आणि दिवस मावळताना तो गंध सोडून मादीला बोलावतो. म्हणजे आपण सापळ्यात टांगतो ते नवरदेवाचं अत्तर. नवरीला त्या बाटलीत काही रस नाही.

पण कारल्यावरची फळमाशी वेगळ्या जातीची, तिच्या नराला दुसरा गंध ओढतो. म्हणून दुकानात नुसतं 'फळमाशीचा सापळा द्या' म्हणू नका, पिकाचं नाव सांगा. आंबा आणि जाम, म्हणजे पेरू, यांना मिथाईल युजेनॉल. कारलं, दोडका, काकडी, कोहळं आणि वैनगंगेच्या रेतीतलं डांगर यांना क्यू ल्यूर (ल्यूर म्हणजे गंधाचं आमिष). कारल्याच्या मांडवात आंब्याचा ल्यूर लावला, तर तो नुसता टांगलेला डबा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा पुष्कळांनी ऐकला असेल. तो आंब्याच्या फळमाशीसाठी प्रसिद्ध झाला.

एक नर अनेक माद्यांना पुरतो, हे मात्र विसरू नका. शंभरातले नव्वद नर पकडले तरी उरलेले दहा काम भागवतात. त्यामुळे सापळे वेलीला फुलं दिसण्याआधीच लावायचे, एकरी चार-पाच, आणि शक्यतो सगळ्या शिवाराने मिळून. तुम्ही लावले आणि धुऱ्यापलीकडच्याने नाही, तर तिकडून माशी येतच राहते.

आता मादीचं. कोषातून बाहेर आलेल्या मादीला अंडी पोसायला प्रथिनं लागतात. आंबलेल्या-कुजलेल्याचा वास तिला त्यांचीच खबर देतो. आणि मांडवाखाली गळून पडलेलं फळ ही तर नुसती खबर नव्हे, पाळणाघर आहे. त्यातली अळी मातीत उतरते, कोष करते आणि नवी माशी होऊन वर येते. असं फळ उकिरड्यावर फेकणं म्हणजे आपल्या हाताने माशी पाळणं. दोन फूट खोल पुरा, किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि उन्हात ठेवा. वेलींखालची माती मधूनमधून हलवा, म्हणजे कोष वर येतात. पुढचं ऊन आणि कोंबड्या पाहून घेतात.

जाता जाता मोहफुलांबद्दल. वाळत घातलेल्या मोहावर जमतात ती बारीक चिलटं म्हणजे ही फळमाशी नव्हे. ती येतात आंबवणाऱ्या यीस्टच्या वासावर. चिलटाचा नर मिलनात आपला गंध मादीला देतो, ती अंडी घालते तिथे तो गंध मागे राहतो आणि त्या मागावर बाकीची गोळा होतात. त्यात त्यांचा फायदा असतो, कारण अनेक अळ्या मिळून बुरशीला रोखून धरतात. गंमत अशी की पहिल्या पावसाच्या मातीचा जो वास आपल्याला हवाहवासा वाटतो, त्यातल्याच एका द्रव्यापासून ही चिलटं दूर पळतात. त्यांच्या लेखी ती विषारी बुरशीची खूण. चिलटं उभ्या पिकाला त्रास देत नाहीत. मोह पातळ पसरून लवकर वाळवला की ती आपोआप कमी होतात.

फळमाशी मात्र अशी जाणार नाही. कोणता ल्यूर लावायचा ते कळत नसेल तर किडकं फळ पिशवीत बांधून सिंदेवाहीच्या किंवा गडचिरोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. आणि उद्या सकाळी सापळा पाहायला जाल, तेव्हा हातात बादली असू द्या. आधी खाली पडलेली फळं उचला, मग वर पाहा.