बागेतील लोहमार्ग आणि त्याखालची खडी



आगगाडीचा विषय निघाला की मनुष्याचे लक्ष इंजिनाकडे, फार तर पुलाकडे नि बोगद्याकडे जाते. रुळांखाली मुकाट पडून राहणाऱ्या खडीची विचारपूस करण्याची तसदी कोणी घेत नाही. आज त्या खडीची बाजू मांडावी असे मी योजिले आहे, आणि तीही घरामागच्या बागेत, फुलझाडांच्या वाफ्यांमधून फिरणाऱ्या छोट्या रेल्वेच्या निमित्ताने.

हा शौक मूळचा युरोपातला. डर्बीशायरमधील डफील्ड येथे सर आर्थर हेवूड यांनी १८७४ साली आपल्या आवारात १५ इंची मार्ग घालण्यास आरंभ केला. पण त्या मार्गावर माणसे बसून जात. आपल्या विषयातील गाडीला मुंगळ्यांखेरीज उतारू मिळत नाहीत. न्यूरेंबर्गच्या लेहमान कारखान्याने १९६८ मध्ये एल.जी.बी. नावाने ती विक्रीस आणल्यापासून तिचा विशेष प्रसार झाला. रुळांमधील अंतर ४५ मिलिमीटर, म्हणजे एकास साडेबावीस या प्रमाणात मीटर गेजच.

आता खरी अडचण अशी की, इंजिन, डबे, स्थानक हे सर्व साडेबावीस पटींनी लहान करता येते; पाऊस आणि ऊन यांना मात्र हा हिशेब मान्य नसतो. आपल्या रेल्वेच्या मोठ्या मार्गांवर सुमारे ६५ मिलिमीटरपर्यंतची फोडलेली खडी घालतात. तिची प्रतिकृती करू गेल्यास दाणा जेमतेम ३ मिलिमीटरचा होतो, दिसावयास तो अत्यंत शोभिवंत असतो, आणि पहिल्याच जोरदार सरीबरोबर वाफ्यात वाहून जातो. म्हणून जाणते लोक शोभेला थोडी मुरड घालून ३ ते ६ मिलिमीटरची, चुरीसकट खडी पसंत करतात. ती फोडलेल्या दगडाचीच हवी. नदीतले गुळगुळीत गोटे एकमेकांवरून घरंगळतात, उलट कोनदार दाणे परस्परांत अडकून बसतात आणि चुरी त्यांच्यामधील पोकळी भरते. खाली वीतभर खोल चर खणून त्यात जाड दगड भरले असता पाण्यास वाट मिळते. एरवी जर्मनीसारख्या देशात साचलेले पाणी हिवाळ्यात गोठून फुगते व सगळा मार्ग वर उचलून धरते.

उन्हाचे गणित याहून निर्दय आहे. १० मीटर लांबीच्या पितळी रुळाला ४० अंशांचा फरक सोसावा लागला, तर तो सुमारे साडेसात मिलिमीटरने वाढतो. पुष्कळ गृहस्थ कायमचा बंदोबस्त म्हणून काँक्रीटचा कट्टा बांधून स्लीपर स्क्रूंनी त्यावर जखडतात, आणि मग रूळ वाकला की कारखानदारावर ठपका ठेवतात. खडीतला मार्ग मोकळा असतो. तो किंचित सरकतो, वळणावर थोडा बाहेर झुकतो, थंडी पडली की मागे येतो. माझ्या मते खडीचा खरा गुण तिच्या या सैलपणातच आहे.

अर्थात सैलपणाची किंमत देखरेखीच्या रूपाने चुकवावी लागते. पाऊस ओसरला की पाणसळ घेऊन बसावे. मार्गाची लांबीतली चढउतार इंजिन निमूटपणे सोसते. परंतु एक रूळ दुसऱ्यापेक्षा खचून मार्गात पीळ पडला की गाडी तेथे घसरलीच म्हणून समजा, यास्तव आडवी पातळी आधी पाहावी. खचलेली बाजू हलकेच उचलून स्लीपरखाली खडी सारावी आणि लाकडी पट्टीने ठोकून घट्ट करावी. रेल्वेचे गँगमन पहारी-फावड्यांनी हेच करीत आले आहेत. खडी स्लीपरच्या माथ्यापर्यंतच असावी. सांध्यांवर तर एक खडादेखील चाकाच्या वाटेत राहता कामा नये. पाला कुजून खडीत माती झाली की गवताचा अंमल सुरू होतो, तेव्हा तेवढा तुकडा उपसून, चाळून, पुन्हा भरणे हाच उपाय. खडीत सिमेंट कालवण्याची सूचना नेहमी केली जाते. पुलाच्या तोंडाशी हातभर ठीक, त्यापलीकडे ती मानू नये.

नवा मार्ग सर्वाधिक खचतो तो पहिल्या वर्षी. तेवढी मुदत स्थानके, सिग्नल आणि रुळांलगतची रोपे यांचा खर्च तहकूब ठेवावा, आणि शिल्लक रकमेतून एक घमेले खडी जास्तीची आणून ठेवावी.