संप्रेरके : कोणासाठी आणि कशासाठी?
(वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)

सन्माननीय विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे आप्तजन,

पुत्राचे यौवन मागून घेणाऱ्या ययातीची कथा आपण जाणतोच. तेच यौवन आता संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोन्सच्या, इंजेक्शनातून मिळेल, अशा जाहिराती मोबाइलवरून घरोघरी येतात. त्यांविषयी रुग्ण आम्हांस विचारतात, म्हणून हे चार शब्द.

१९९० साली अमेरिकेत साठीपुढील १२ पुरुषांना सहा महिने वाढीचे संप्रेरक दिले गेले. स्नायू वाढले, चरबी घटली. एवढ्यावर वार्धक्यरोधक औषधांचा बाजार उभा राहिला. त्याने आयुष्य वाढते, हे मात्र सिद्ध झालेले नाही. उलट सूज, सांधेदुखी व रक्तशर्करा वाढण्याचा धोका असतो. अशा उपचाराचा सल्ला आम्ही देत नाही.

स्त्रियांच्या इस्ट्रोजेनचा प्रश्न वेगळा आहे. २००२ साली अमेरिकेतील १६,६०८ स्त्रियांवरील चाचणी मध्येच थांबवावी लागली. दोन संप्रेरके एकत्र घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग, हृदयविकार व पक्षाघात अधिक आढळले. जगभर भीती पसरली. परंतु त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. तो निष्कर्ष पस्तिशीच्या स्त्रीस जसाच्या तसा लावता येत नाही.

मराठवाड्यात प्रश्न त्या पस्तिशीच्या स्त्रीचाच आहे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीच्या काळात, २०१९ साली, शेजारच्या बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. अनेकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. नांदेड-लातूरच्या डोंगरपट्ट्यातूनही टोळ्या ऊसतोडीस जातात. गर्भाशयासह दोन्ही अंडाशये काढली, तर इस्ट्रोजेन एकाएकी थांबते. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो.

अशा स्त्रीस, कर्करोग वा रक्ताच्या गुठळ्यांचा पूर्वेतिहास नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली इस्ट्रोजेन देणे म्हणजे चिरतारुण्याचा सोस नव्हे. तिचे अकाली हिरावलेले तिला परत देणे आहे.

आप्तजनांना विनंती, की गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, अंडाशये राखणार का हे विचारावे आणि शस्त्रक्रियेचे कागद जपावेत. देणगीदारांनी ध्यानी घ्यावे, की तपासणीस आलेल्या बाईचा खाडा पडतो, मजुरी बुडते. तिची तपासणी व औषधे विनामूल्य व्हावीत, यासाठी आपला हात हवा.