वर गेलेला आकडा



स्वागताध्यक्षाने आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचा गौरव गावा, अशी प्रथा आहे. नेवाशाची ज्ञानेश्वरी, चौंडीच्या अहिल्याबाई, नगरला सिंथिया फरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेणाऱ्या सावित्रीबाई, भुईकोट किल्ल्यातले नेहरू, हे सारे आपल्याला पाठ आहे. म्हणून ते एका वाक्यात आटोपतो आणि ज्यासाठी आपण जमलो त्या विषयाकडे वळतो. शाळांची माहिती-प्रणाली आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी हा विषय तसा रूक्ष. 'पोर्टल' हा शब्द कानावर पडला की शिक्षकाच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि त्या पडण्याला कारणे आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे की शाळेने भरलेली माहिती सगळ्यांत आधी त्या शाळेच्याच उपयोगी पडली पाहिजे. तशी ती पडत नाही, आणि ती पडावी यासाठी नव्या पोर्टलपेक्षा मदत करणाऱ्या माणसाची गरज जास्त आहे.

वरच्याला जे हवे ते कागदावर उतरवण्याची आपली सवय संगणकाच्या फार आधीची आहे. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो, तो काही ग्रहयोगाने नव्हे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय त्यात बसायला हवे असायचे, आणि जनरल रजिस्टरमध्ये गुरुजी ती तारीख लिहून टाकायचे. यात फसवणुकीचा हेतू नव्हता, मुलाला शाळेत घेण्याची तळमळच होती. पण नोंदीवर अनुदान आणि पदे अवलंबून राहू लागली तेव्हा तीच सवय वेगळ्या वळणाला गेली. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटांना शाई लावून डोकी मोजली गेली आणि पटावरची सुमारे २० लाख मुले वर्गात सापडली नाहीत. त्या प्रकरणातले दोषी कोण, हा आज माझा मुद्दा नाही. जो आकडा फक्त वर दाखवण्यासाठी तयार होतो आणि ज्याची खाली रोजच्या कामात कोणाला गरज पडत नाही, तो चुकला तरी शाळेत कोणाचेच अडत नाही. म्हणून तो वर्षानुवर्षे चुकीचा राहू शकतो.

पुढे प्रणाली सुधारल्या, हे मान्य केले पाहिजे. १९९०च्या दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाबरोबर शाळांची माहिती गोळा करणारे डायस आले, २०१२-१३ पासून प्राथमिक आणि माध्यमिक मिळून यू-डायस झाले, २०१८-१९ पासून ते यू-डायस प्लस म्हणून ऑनलाइन गेले आणि २०२२-२३ पासून शाळेच्या एकूण आकड्याऐवजी एकेका मुलाची नोंद घेतली जाऊ लागली. मधल्या काळात, २०१५ साली, राज्याने 'सरल' आणले. माहिती एकदाच भरायची आणि सगळ्यांनी ती तिथून घ्यायची, हे त्याचे आश्वासन होते. आजचे चित्र आपल्यासमोर आहे. सरल आहे, यू-डायस प्लस आहे, पगारासाठी शालार्थ आहे, पोषण आहाराची रोजची नोंद वेगळी आहे, डिसेंबर २०२३ पासून स्विफ्टचॅटवरची हजेरी आहे, चाचण्यांचे गुण विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरायचे आहेत आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या अपार क्रमांकाचे काम निराळे. यातले काही निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. उदाहरणार्थ, आपल्या शाळांचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक २७२६ ने सुरू होतो. जिल्ह्याचे नाव २०२४ साली बदलले तरी त्या अंकांना हात लावण्याची गरज नाही, आणि अहमदनगर लिहिलेला जुना दाखला व अहिल्यानगर लिहिलेला नवा दाखला एकाच शाळेचे आहेत हे त्यावरून कळते. चांगल्या नोंदीचा गुण असा असतो. प्रश्न आहे तो या साऱ्या नोंदींतून शाळेच्या हाती परत काय येते हा.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात सर्वांत स्पष्ट दिसते. संचमान्यतेचा, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मिळणार याचा, हिशेब ३० सप्टेंबरच्या पटावर होतो, आणि यू-डायसची संदर्भ तारीखही वर्षानुवर्षे तीच राहिली आहे. आता कॅलेंडर समोर ठेवा. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात आणि हंगाम संपून पट्टा पडल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे ज्या दिवशी राज्य मुले मोजते त्या दिवशी ही मुले वर्गात असतात, आणि मोजणी संपली की काही आठवड्यांत वर्ग अर्धा रिकामा होतो. पुढच्या सप्टेंबरमध्ये ती पुन्हा वर्गात, पुन्हा पटावर. एखादी मुलगी सलग तीन वर्षे दर हंगामात चार-पाच महिने शाळेबाहेर राहिली तरी वार्षिक आकडेवारीत ती कधीच शाळा सोडत नाही. गळतीचे प्रमाण काढताना ती दिसत नाही आणि पटनोंदणी शंभर टक्के येते. चौथीत तिला वाचता का येत नाही याचे उत्तर वार्षिक आकड्यात नाही. ते हजेरीपत्रकात आहे, आणि हजेरीपत्रकाची तर आता रोज ऑनलाइन नोंद होते. तरी त्या रोजच्या नोंदीतून 'या सात मुलांची हजेरी गेल्या वर्षी नोव्हेंबरपासून तुटली होती, यंदा दिवाळीआधी यांच्या घरी जा' असा एका पानाचा कागद मुख्याध्यापकाच्या टेबलावर आपसूक येतो का?

यातली दुसरी बाजू मला अधिक बोचते. ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकातही जातात, पण अनेक टोळ्या आपल्याच जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या कारखान्यांवर येतात. राहाता, संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर हा उसाचा पट्टा. पाठवणारी शाळा आणि ज्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर ऊसतोड कुटुंबांच्या कोप्या पडतात ती शाळा, दोन्ही एकाच जिल्हा परिषदेच्या. शिक्षण हमी कार्डाची कल्पना यासाठीच होती. मुलाने ते कार्ड घेऊन जावे आणि तिकडच्या शाळेने दाखला न मागता त्याला वर्गात बसवावे. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहे झाली. पण एका मुलाची नोंद दोन शाळांत चालत नाही म्हणून तिकडचे गुरुजी त्याला बसवून घेतात ते माणुसकीने, आणि त्या चार महिन्यांत तो काय शिकला ही माहिती एप्रिलमध्ये त्याच्याबरोबर परत येत नाही. चांगल्या प्रणालीला हे काम मुळीच अवघड नाही. मूळ नोंद जागेवर ठेवून तात्पुरती हजेरी दुसऱ्या शाळेत दाखवायची, एवढेच तिने करायचे आहे. ते होत नाही, कारण प्रणाली आखताना 'पद किती द्यायचे' हा प्रश्न समोर होता आणि 'मूल आज कुठे आहे' हा नव्हता.

नोंदीवरून शाळेला शहाणपण मिळवता येते, हे या मातीला नवे नाही. प्रवरेच्या सहकारी कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ यांनी वि. म. दांडेकरांबरोबर सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणाच्या पाहण्या केल्या. शिकलेली मुले पुढे पुन्हा निरक्षर का होतात, हा त्यातला एक प्रश्न होता, आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९५५ मध्ये ते अहवाल छापले. आणि नगर तालुक्यातले हिवरे बाजार तर सर्वांना ठाऊक आहे. तिथे पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि कोणते पीक घ्यायचे ते त्यावरून ग्रामसभेत ठरते. मोजणारे, हिशेब वाचणारे आणि निर्णय घेणारे लोक तेच. म्हणून तिथे पर्जन्यमापकात कोणी लबाडी करत नाही. स्वतःच्याच पिकाला फसवून काय मिळणार? शाळेच्या माहितीचे असे होईल तेव्हा तिची शुद्धता तपासायला बोटांना शाई लावावी लागणार नाही.

आता आक्षेप. पहिला शिक्षकांचा: आम्ही शिकवायचे की भरायचे? हा आक्षेप मला शंभर टक्के रास्त वाटतो. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला अशैक्षणिक काम लावू नये असे म्हटले आहे. मुलाची हजेरी आणि त्याची प्रगती ही नोंद अशैक्षणिक नाही. पण तीच नोंद तिसऱ्यांदा, तिसऱ्या ठिकाणी, रेंज नसलेल्या अकोले तालुक्याच्या डोंगरात उभे राहून भरणे नक्कीच अशैक्षणिक आहे. इंग्लंडमध्ये १९८०च्या दशकात बेडफर्डशायरमधल्या एका शिक्षकाने शाळेसाठी लिहिलेली प्रणाली पुढे देशभर पसरली, आणि तिच्याबरोबर स्थानिक परिषदांनी शाळांसाठी मदत-कक्षही चालवले. फोन केला की उचलणारे, शाळेत येऊन बसणारे, अहवाल कसा काढायचा आणि कसा वाचायचा ते शिकवणारे लोक तिथे असत. आपल्याकडे ही माणसे आहेतच, ती आज या सभागृहात बसली आहेत. 'समग्र शिक्षा' योजनेतले समन्वयक आणि ऑपरेटर वर्षानुवर्षे करारावर, मानधनावर काम करतात आणि त्यांचा सारा वेळ 'आज किती टक्के भरले' हे विचारण्यात जातो. त्यांचे काम बदलले तर शिक्षकाचा भार कमी होईल. केंद्रप्रमुखाचे पद १९९४ साली शाळांना शैक्षणिक मदत व्हावी म्हणून निर्माण झाले. तेही आज अहवाल गोळा करून पुढे पाठवण्यात अडकले आहे.

दुसरा आक्षेप लहान शाळांचा. दोन शिक्षकी शाळेत गुरुजींना प्रत्येक मूल नावानिशी ठाऊक असते, त्यांना आकडे कशाला? खरे आहे, जोवर गुरुजी तिथे आहेत तोवर. बदली झाली की ती सारी माहिती त्यांच्याबरोबर जाते. चौथीनंतर मूल हायस्कुलात गेले की पाचवीच्या वर्गशिक्षकाला त्याच्याबद्दल दाखल्यावरच्या दोन ओळींपलीकडे काही कळत नाही. इथेच नोंद कामाला येते. या आक्षेपात एक इशाराही आहे, तो मी स्वीकारतो: संगणकावरचा तक्ता गुरुजींच्या ओळखीची जागा घेऊ शकत नाही, आणि जिथे दोन्हींत फरक पडेल तिथे आधी तक्ता तपासावा.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, तो मुलांच्या खासगीपणाचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही असे सांगितले. प्रवेश मिळतोही. पण संचमान्यतेत आधार वैध ठरलेली मुलेच धरली जाऊ लागली की तेच आधार मागल्या दाराने आत येते. शाळेच्या रजिस्टरला आडनाव आधी, आधारवर नाव आधी. इकडे मराठी, तिकडे इंग्रजी स्पेलिंग. त्यात ती १ जूनची जन्मतारीख. एवढ्यावरून समोर बसलेले मूल 'अवैध' ठरते आणि शाळेचे पद धोक्यात येते. ज्यांच्या कागदांत चुका जास्त ती मुले बहुतेक करून स्थलांतरितांची, भटक्यांची, आदिवासींची. म्हणजे ज्या शाळेला जास्त शिक्षक हवेत तिचेच कमी होण्याची भीती. आणि माहिती एका कामासाठी घेऊन दुसऱ्यासाठी वापरली की काय होते ते इंग्लंडने पाहिले. २०१६ मध्ये शाळांच्या गणनेत मुलांचे राष्ट्रीयत्व विचारायला सुरुवात झाली, माहिती स्थलांतरितांविरुद्ध वापरली जाईल म्हणून पालक उभे राहिले, आणि २०१८ मध्ये तो प्रश्न काढावा लागला. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. अपारसाठीही संमतीपत्र घेतले जाते. पण संमतीला टक्केवारीचे लक्ष्य लावले की ती संमती राहत नाही. हा धोका नाकारून चालणार नाही. उपाय म्हणून नोंदीच बंद कराव्यात, हे मात्र मला पटत नाही, कारण मग पाथर्डीची ती मुलगी आणखीच अदृश्य होईल. कोणती माहिती कशासाठी घेतली हे पालकसभेत मराठीत सांगावे, गरज नाही ती मागू नये, आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर मुलांच्या आधार क्रमांकांची यादी टाकण्याचा प्रकार आजपासून थांबवावा.

राहिला शेवटचा, न बोलला जाणारा आक्षेप. हजेरी खरी दाखवली तर नोटीस कोणाला येते? मदत करणारा आणि तपासणारा माणूस एकच असेल तर शाळा त्याला खरे सांगणार नाही. म्हणून स्वागत समितीचा आग्रह आहे की तालुक्याच्या मदत-कक्षाला कारवाईचा अहवाल लिहिण्याचा अधिकार नसावा. शाळेने त्याच्याकडे मोकळेपणाने आपले पडते आकडे घेऊन जावे आणि तिथून कामाचा आराखडा घेऊन परतावे.

दुपारच्या सत्रात तालुकावार गट बसणार आहेत. त्यात एक बदल सुचवतो: पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गटांनी वेगळे न बसता राहाता, संगमनेर, कोपरगाव आणि श्रीरामपूरच्या गटांबरोबर एका टेबलावर बसावे आणि येत्या हंगामासाठी कोणत्या गावची मुले कोणत्या कारखान्याकडे येतात याची यादी शाळेच्या नावांसह करायला घ्यावी. त्यासाठी लागणारे कोरे तक्ते बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत, आणि ते कोणत्याही पोर्टलवर भरायचे नाहीत. आता अध्यक्षांना विनंती करतो की त्यांनी परिषदेचे काम सुरू करावे.