चार दिवस सासूचे, अकरा वर्षं कामाची



संयोजकांनी मला सांगितलं, ‘यशस्वी माणूस’ या विषयावर दहा मिनिटं बोल. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, तेव्हा एखाद्या मोठ्या कंपनीच्या मालकाबद्दल बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. मी मात्र एका सासूबद्दल बोलणार आहे. तुमच्या-आमच्या आयांनी जिला वर्षानुवर्षं रोज पाहिलं, त्या आशालता देशमुखबद्दल. म्हणजे ती भूमिका करणाऱ्या रोहिणी हट्टंगडी यांच्याबद्दल.

‘चार दिवस सासूचे’ ही मालिका ई टीव्ही मराठीवर २००१ साली सुरू झाली. आपल्यापैकी कुणी तेव्हा कॉलेजात होतं, कुणी एमआयडीसीत नुकतं नोकरीला लागलं होतं, काही मैत्रिणींची लग्नं होऊन त्या सासरी गेल्या होत्या. मालिका संपली ती २०१३ साली, तीन हजारांहून जास्त भाग झाल्यावर. घरातल्या बायका भाजी निवडता निवडता ती बघायच्या आणि बाकीची मंडळी म्हणायची, “काय ते रोज रोज तेच!”

त्या सासूमागची बाई कोण होती, हे बघा. रोहिणी ओक, जन्म पुण्यात, १९५१ सालचा. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली शिकल्या, १९७४ मध्ये बाहेर पडल्या. तिथलेच सहाध्यायी जयदेव हट्टंगडी यांच्याशी लग्न झालं. मुंबईत येऊन दोघांनी प्रायोगिक रंगभूमीवर काम केलं. रोहिणीताईंनी कर्नाटकातलं यक्षगान केलं, जपानचं काबुकीही केलं. पुढे रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ चित्रपटात कस्तुरबांची भूमिका मिळाली. १९८२ साली चित्रपट आला आणि त्या भूमिकेसाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार त्यांना मिळाला. ‘पार्टी’साठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

एवढं झाल्यावर पुढे नायिकेच्या भूमिकांची रांग लागायला हवी होती. तसं झालं नाही. ‘सारांश’ १९८४ मध्ये आला, तेव्हा त्या तेहतीस वर्षांच्या होत्या आणि तरुण मुलगा गमावलेली म्हातारी आई झाल्या होत्या. १९९० च्या ‘अग्निपथ’मध्ये त्या अमिताभ बच्चन यांची आई होत्या, वयाने त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान! आपल्याकडे चांगल्या अभिनेत्रीच्या वाट्याला किती लवकर पांढरे केस येतात, ते यावरून कळतं. पण हातात आलेली प्रत्येक म्हातारी त्यांनी वेगळी केली. ‘सारांश’ची पार्वती आणि ‘अग्निपथ’ची आई एकाच बाईने केल्यात, हे सांगावं लागतं.

आणि मग, वयाच्या पन्नाशीत, दैनंदिन मालिका. बाफ्टा मिळालेल्या बाईने मालिका करावी याचं आजही अनेकांना नवल वाटतं. मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. चित्रपटात दिवसभरात दोन-तीन मिनिटांचं चित्रण झालं तरी चालतं. दैनंदिन मालिकेत रोजच्या रोज वीसेक मिनिटांचा भाग बाहेर पडावा लागतो. बारा-बारा तासांची शिफ्ट असते. संवादाचे कागद कित्येकदा सेटवर गेल्यावरच हातात पडतात. दिवाणखान्यातले सगळे प्रसंग आधी उरकायचे, मग स्वयंपाकघरातले. त्यामुळे भांडण आधी आणि भांडणाचं कारण संध्याकाळी, असंही होतं. कालच्या प्रसंगात आवाज किती चढला होता, हे आज लक्षात ठेवून पुढे जायचं. हे अकरा वर्षं! या काळातच, २००८ मध्ये, जयदेव हट्टंगडी गेले.

मालिकेची कथा ताणली गेली, सासू-सुनांची तीच ती कारस्थानं झाली, हे मी नाकारत नाही. लेखन कसं असावं यावर वाद घालता येईल. पण मिळालेला संवाद कसाही असो, तो मनापासून बोलायचा, हे त्यांचं काम होतं.

आमच्या क्षेत्रात नवं ॲप काढणाऱ्याचा सत्कार होतो. बँकेचं वीस वर्षं जुनं सॉफ्टवेअर एकही दिवस बंद पडू न देणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसतं. इथे आपल्या धाटावच्या कारखान्यांतही तेच आहे. रिॲक्टरवर उभा असलेला आपला वर्गमित्र रात्रपाळीत तीच बॅच शंभराव्यांदा घेतो. तेच तापमान, तोच दाब. पण नजर हटली तर काय होतं, हे रोह्या-धाटावच्या माणसाला सांगायला नको. आणि बाई, सर, तुम्ही तर तोच भूमितीचा सिद्धांत, तेच व्याकरण तीस-तीस वर्षं शिकवलंत. आमच्या वर्गाला मात्र तुम्ही ते पहिल्यांदाच शिकवताय असं वाटायचं. रोहिणीताईंच्या तीन हजार भागांकडे मी असं बघते.

म्हणून एक विनंती आहे. अशा मेळाव्यात आपण नकळत रांग लावतो: अमेरिकेतले पुढे, पुण्या-मुंबईतले मध्ये, गावात राहिलेले मागे, आणि ‘काही करत नाही, घरीच असते’ म्हणणाऱ्या मैत्रिणी सगळ्यांत मागे. त्या मैत्रिणींनी वीस-पंचवीस वर्षं रोज एकही खाडा न करता काय केलंय, ते विचारा. उत्तर ऐकायला मात्र वेळ काढून बसा.

आशालताबाई संपल्यावर रोहिणीताई थांबल्या नाहीत. २०१३ मध्येच ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये त्या आईआजी झाल्या. २०२२ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ‘चारचौघी’ नाटक पुन्हा रंगभूमीवर आलं, त्यात त्या उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी ‘बाईपण भारी देवा’ आला. आठवतंय ना, बायका घोळक्याने, नटूनथटून थिएटरात जात होत्या? त्यातल्या कितीजणी तर एकेकाळी भाजी निवडत आशालताबाईंना बघणाऱ्याच होत्या. ज्या प्रेक्षकांसाठी त्यांनी रोज काम केलं, ते प्रेक्षक तिकीट काढून त्यांना भेटायला आले.

गावाकडे राहिलेल्या, कारखान्यात, शेतात, दुकानात, घरात रोजचं काम रोज करणाऱ्या आपल्या वर्गातल्या प्रत्येकाला आणि आमच्या सर्व शिक्षकांना माझा नमस्कार. जेवणाच्या पंगतीला आज मी मागच्या बाकावरच्या मैत्रिणींबरोबर बसणार आहे. बाकीच्यांनीही यावं.