चाळिशीनंतरची कष्टकरी स्त्री



न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार शहाणी माणसे जमवून त्यांना काही ऐकवावे, ही चाल महाराष्ट्रात पडून गेली आहे. आज ऐकवण्याची पाळी माझ्यासारख्या युनियनच्या कार्यकर्त्यावर आली आहे. माझे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे झाले ते कामगार कायद्यांची पुस्तके, वाचनालयातील बाकडे आणि कामगार बायकांच्या तक्रारी यांच्या संगतीत. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये, ही विनंती.

विषय आहे बाईच्या पाळी जाण्याचा. वैद्यकात याला रजोनिवृत्ती म्हणतात. हा शब्द सभ्य आहे, म्हणून तो कोणी वापरत नाही. र. धों. कर्व्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि शरीराविषयी उघडपणे लिहिले, म्हणून त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. माझ्यावर खटला होण्याचे भय नाही. फार तर मागच्या रांगेतील दोन-चार मंडळी पान खाण्याच्या निमित्ताने बाहेर जातील. त्यांनी कृपा करून बसावे. हे व्याख्यान मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

कोणी विचारील, हा डॉक्टरचा विषय, यात युनियनवाल्याचे काय काम? माझे उत्तर सरळ आहे. बाईचे शरीर बदलते तेव्हा तिची मजुरीही बदलते. आणि जेथे मजुरीचा प्रश्न येतो तेथे आमचे काम आलेच.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. बाईच्या ओटीपोटात गर्भाशय असते, त्याला आपण पिशवी म्हणतो. तिच्या दोन बाजूंना दोन अंडाशये असतात. त्यांतून जो रस रक्तात मिसळतो, त्याला इस्ट्रोजेन म्हणतात. पाळीचे चक्र त्याच्या आधाराने चालते. पण त्याचे काम तेवढ्यावर संपत नाही. हाडांची बळकटी, हृदयाचे आरोग्य, झोप, मनाची स्थिरता या सर्वांशी त्याचा संबंध आहे. साधारणपणे पंचेचाळीस ते पंचावन्न या वयात अंडाशयांचे काम मंदावते. पाळी मागेपुढे होते, कधी कमी, कधी फार जाते, आणि शेवटी थांबते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असे समजावयाचे. या काळात पुष्कळ बायकांच्या अंगातून एकाएकी वाफा निघतात, रात्री घाम फुटून झोप मोडते, सांधे धरतात, लघवीच्या जागी आग होते, जीव उगाच घाबरा होतो. काहींना यातले काहीच होत नाही, काहींना वर्षानुवर्षे होते. हा आजार नव्हे. पण ज्याचा त्रास होतो त्याला उपचारच नाही, असेही नव्हे.

आता ही बाई कामावर कशी बसते ते पाहा. आपल्या नगर शहरात विडीकामगार बायका पिढ्यान्‌पिढ्या आहेत; त्यांत पद्मशाली समाजाच्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या बायका पुष्कळ. तिकडे संगमनेर-अकोल्यातही हा धंदा आहे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, एका हातात कापलेले पान. मजुरी दिवसाची नव्हे, हजार विड्यांची. घड्याळ तिच्यावर लक्ष ठेवत नाही, म्हणून ती स्वतंत्र आहे असे कारखानदार म्हणतो. पण जिची रात्र घामाने तीनदा मोडली, तिची बोटे दुसऱ्या दिवशी मंद चालतात. विडी सैल वळली गेली तर ती छाटात जाते. म्हणजे शरीराच्या या स्थित्यंतराची किंमत आठवड्याच्या हिशोबात रुपयांनी कापली जाते, आणि वहीत मात्र त्याची कोठेही नोंद नसते. एका बाईने मला सांगितले, "भाऊ, अंगात भट्टी पेटल्यावानी होतं. पण सांगू कोणाला? सून हसती, मालक म्हणतो म्हातारी झाली." त्या बाईचे वय सत्तेचाळीस होते.

विडीच्या घरातून आता उसाच्या फडात जाऊ, कारण तेथे हाच प्रश्न अधिक भयंकर रूप घेतो. आपला जिल्हा साखरेचा. प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि 1950 च्या सुमारास त्याचे धुराडे पेटले, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. पण या जिल्ह्याला दोन टोके आहेत. एका टोकाला पाटाच्या पाण्यावर ऊस उभा राहतो. दुसऱ्या टोकाचे पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे तालुके बीड जिल्ह्याप्रमाणेच तो तोडावयास माणसे पाठवतात. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती घामाने फेडावयाची असते. दोघांपैकी एक आजारी पडला की खाडा, आणि खाड्याचे पैसे हिशोबातून वळते. कोपीत न्हाणी नाही, शौचाला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत कापड धुवायला पुरेसे पाणी नाही. अशा राहण्याने अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, कंबर धरते. मग ती डॉक्टरकडे जाते. तेथे पुष्कळदा सांगितले जाते, "पिशवी खराब झाली. काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." घरचेही म्हणतात, मुले झाली, आता पिशवी काय कामाची? काढली की पाळी नाही, पाळी नाही की खाडा नाही.

2019 साली बीड जिल्ह्यातील या शस्त्रक्रियांची बोंब झाली तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली; म्हणजे सहा बायकांमागे एक. देशभरच्या 2015-16 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण शेकडा तीनच्या आसपास होते, आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश शस्त्रक्रिया खाजगी दवाखान्यांत झालेल्या होत्या. बीडचा आकडा आपण दुसऱ्या जिल्ह्याचा म्हणून सोडून देऊ नये. त्यांच्या आणि आपल्या टोळ्या एकाच फडात उतरतात, आणि आपला ऊसही त्याच तोडतात.

आता पिशवी काढल्याने काय होते? शस्त्रक्रियेत अंडाशयेही काढली तर जो बदल निसर्ग काही वर्षांत सावकाश घडवतो, तो एका दिवसात अंगावर कोसळतो. अंडाशये ठेवली तरी ती पुष्कळदा वेळेआधी थकतात. तिशी-पस्तिशीतील बाईला पन्नाशीची हाडे येतात. आणि तिच्याच डोक्यावर मोळी चढवून ट्रकची फळी चढावयाची असते! खाडा चुकवण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया पुढे जन्माचा खाडा होऊन बसते. शिवाय शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी पुन्हा उचल, आणि उचलीसाठी पुन्हा कोयता.

माझे म्हणणे कोणी उलटे घेऊ नये. कर्करोग असेल, मोठ्या गाठी असतील, औषधांनी रक्तस्राव थांबत नसेल, तर पिशवी काढावी लागते, आणि अशा शस्त्रक्रियेने बायकांचे जीव वाचतात. माझा विरोध शस्त्रक्रियेला नाही. बाईच्या अज्ञानाचा आणि गरजेचा जो बाजार होतो त्याला आहे. केंद्र सरकारने 2022 साली अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक नियम केले, आणि 5 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ते तीन महिन्यांत अमलात आणण्याचा आदेश दिला. त्या नियमांत राष्ट्र, राज्य आणि जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर देखरेख समित्या आहेत. कागद आला, आता कागदाला पाय फोडण्याचे काम आपले.

कर्करोगाचे भय घालून पिशवी काढतात, म्हणून त्या भयावरचा खरा उपायही सांगतो. आपल्या शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सुमारे 1,31,000 खेडुत बायकांवर गर्भाशयमुखाच्या तपासणीचा मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. एचपीव्ही या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा केल्यानेही त्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आले. ही गोष्ट बार्शी-उस्मानाबादच्या मातीत सिद्ध झाली आणि जगाने ती स्वीकारली. म्हणजे उपाय तपासणीत आहे, सरसकट सुरी चालवण्यात नाही.

आता कायद्याकडे वळू. मुंबई इलाख्यात 1929 साली बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. देशाचा कायदा 1961 साली आला, आणि 2017 मध्ये ती रजा 12 आठवड्यांवरून 26 वर गेली. यासाठी झगडलेल्या सर्वांना माझा नमस्कार. पण या कायद्यांच्या ओळीकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. कायद्याला कामकरी बाई दिसते ती बाळंतपणापुरती. कूस उजवण्याचे वय सरले की ती त्याच्या नजरेआड होते. आणि खरे सांगावयाचे तर आपल्या घरांतही तसेच होते. मुलगी वयात आली की घर जागे होते, सून गरोदर राहिली की घर जागे होते. आई रात्री दोन वाजता घामाने भिजून खिडकीशी बसते तेव्हा घर झोपलेले असते.

पाळी गेलेली बाई संपलेली असते काय? या जिल्ह्याला ज्यांचे नाव आहे, त्यांचा जन्म 1725 साली जामखेड तालुक्यातील चोंडीचा. नवरा गेला, सासरा गेला, मुलगा गेला, आणि 1767 साली राज्याचा भार खांद्यावर आला तेव्हा अहिल्याबाईंचे वय बेचाळीस होते. त्यानंतर त्यांनी 1795 पर्यंत, अठ्ठावीस वर्षे कारभार केला. घाट, बारवा, धर्मशाळा या चाळिशीनंतरच्या बाईच्या कामाच्या खुणा आहेत. त्या राजघराण्यातल्या होत्या, असे कोणी म्हणेल. मग त्याच जामखेडचे दुसरे उदाहरण घ्या. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. त्यांनी गावोगावच्या बायकाच आरोग्यसेविका म्हणून शिकवल्या. त्यांत कितीतरी पोक्त वयाच्या, अक्षरओळख नसलेल्या, गावकुसाबाहेरच्या होत्या. त्यांनी बाळंतपणे केली, जुलाबाने सुकणारी मुले वाचवली, आणि गावाने त्यांचा शब्द मानला. या कामासाठी आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शहाणपण त्या बायकांजवळ आधीच होते. विद्या मिळाली आणि मान मिळाला, एवढेच नवे.

शेवटी काय करावे, ते मोजके सांगतो. ऊसतोडीच्या करारात आजारपणाचा खाडा कापला जाऊ नये, आणि कोपीजवळ पाणी, न्हाणी, शौचालय ही कारखान्याची जबाबदारी ठरावी. पिशवी काढावयास सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरचे, शक्यतो सरकारी इस्पितळातील, मत घेतल्यावाचून कोणी सही करू नये. अंडाशये ठेवणार की काढणार हा प्रश्न सहीच्या आधी विचारावा. तिशीनंतर तपासणी करून घ्यावी. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले तर एक दिवसही थांबू नये. आहारात नाचणी, तीळ, दूध, ताक असावे, आणि मिश्री-तंबाखू सोडावी. त्रास फार असेल तर त्यावर औषधे आहेत. ती कोणाला चालतात, कोणाला नाही, हे डॉक्टरांनी तपासून ठरवावे. आणि आमच्या युनियनवाल्यांनी मागण्यांच्या यादीत चाळिशीनंतरच्या बाईसाठी बैठे-हलके काम आणि वर्षातून एक तपासणी ही दोन कलमे घालावीत. 1890 साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली, तेव्हा मालक हसलेच असतील. आज ती सुटी कोणाला उपकार वाटत नाही.

पुरुषांना एकच सांगणे. आज घरी गेल्यावर फार काही करू नका. बायकोला, आईला, बहिणीला विचारा, "झोप लागते का?" उत्तर यायला वेळ लागेल, कारण हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलेला नसतो. तेवढा वेळ थांबा.