लोधिवलीत आपले स्वागत



जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून जाताना लोधिवलीची पाटी आपण गाडीतून पाहिली असेल. आज आपण इथे उतरलात, याचा गावाला मोठा आनंद आहे.

हा मुलूख पराक्रमाचा. 2 फेब्रुवारी 1661 रोजी शिवरायांनी कारतलबखानाला कोंडले ती उंबरखिंड आमच्याच तालुक्यात. नेताजी पालकरांचे चौक इथून हाकेच्या अंतरावर. पण माझे मन भाई कोतवालांपाशी रेंगाळते. 1912 साली माथेरानला नाभिक कुटुंबात जन्मलेला हा मुलगा वकील झाला, आणि कर्जतच्या खेड्यापाड्यांत त्याने शाळा काढल्या, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभ्या केल्या. बेचाळीसच्या लढ्यात त्याच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर भाई आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. सिद्धगड पुष्कळांना ठाऊक असतो. त्या शाळा मात्र विस्मरणात गेल्या, याचे मला फार वाईट वाटते.

आता या परिषदेच्या विषयाकडे वळतो: इस्पितळात दाखल मुलांना शिरेतून दिलेल्या औषधांची रिअ‍ॅक्शन. मी डॉक्टर नाही, पण आमच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतून साप चावलेले मूल आणतात, तेव्हा काय होते ते पाहत आलो आहे. सापाचे विष लहान-मोठे पाहत नाही, म्हणून प्रतिविषाचा डोस मुलालाही मोठ्या माणसाइतकाच. ते घोड्याच्या रक्तद्रवातून बनते. त्यामुळे कधी अंगावर पित्त उठते, धाप लागते, रक्तदाब घसरतो. अशा वेळी अ‍ॅड्रेनालिन हाताशी लागते. आमच्याच जिल्ह्यात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाने दगावणारी मुले वाचवली. ग्रामीण भागातल्या नोंदी जगाला शिकवू शकतात, हे त्यांनी दाखवले.

प्रतिजैविकांचीही अशी रिअ‍ॅक्शन येते. एका दवाखान्यात सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनची रिअ‍ॅक्शन आली, मूल बरे होऊन घरी गेले. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर गेले, मूल पुन्हा आजारी पडले. तिथल्या डॉक्टरांना आई एवढेच सांगते, ‘त्याला इंजेक्शन सोसत नाही.’ कोणते, ते तिच्याजवळच्या कागदावर लिहिलेले नसते.

मंडळी, व्यवस्थेत उणिवा आहेत. निवासाच्या खोल्या अपुऱ्या पडल्याने काहींना खोपोलीला उतरावे लागले. पार्किंग रस्त्यापलीकडे आहे, ओलांडताना सांभाळा. दुपारी वीज गेल्यास जनरेटर सुरू होईपर्यंत धीर धरा. याबद्दल समितीच्या वतीने मनापासून क्षमा मागतो. मंडप विनामूल्य देणारे मंडपवाले, तांदूळ पाठवणारे शेतकरी, पाण्याच्या टँकरची सोय करणारी ग्रामपंचायत, आपला हॉल उघडून देणारी शाळा, देणगी देऊन नाव न सांगण्याची अट घालणारे व्यापारी बंधू, पहाटेपासून चुलीपाशी उभ्या असलेल्या बचतगटाच्या भगिनी आणि रात्रभर खुर्च्या मांडणारी तरुण मुले, सर्वांचे ऋण मानतो.

भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे आपण रिअ‍ॅक्शन कळवालच. त्यासाठी 1800-180-3024 हा क्रमांक आहे. माझी विनंती आणखी एका कागदाची. रिअ‍ॅक्शन आलेले मूल घरी सोडताना औषधाचे नाव, तारीख आणि काय त्रास झाला, हे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून आईच्या हाती द्या, आणि तिला वाचून दाखवा. या परिषदेने त्या कार्डाचा नमुना ठरवावा. पहिल्या छपाईचा खर्च आमची स्वागत समिती करील.